ओव्हरऑलला खळ घालू नका : हवाई दल मुख्यालयास खुले पत्र

प्रति,
गणवेशाचे नियम ठरवणारे अधिकारी,
हवाई दल मुख्यालय, नवी दिल्ली

विषय : उड्डाणाचा ओव्हरऑल (वैमानिकाचा अंगभर एकसंध पोशाख), त्याचे नियम आणि त्याची तपासणी

महोदय / महोदया,

जय हिंद.

गेल्या महिन्यात घराला रंग द्यायचा म्हणून माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढली. तिच्यात डांबरगोळ्यांसोबत माझे दोन ओव्हरऑल निघाले. एक उडायचा आणि एक दाखवायचा. उडायचा जो आहे त्याचा हिरवा रंग गुडघ्यावर पार विटलाय, उजव्या मांडीवर नीपॅडच्या (उडताना टिपणं घ्यायला मांडीवर बांधायच्या पॅडच्या) पट्ट्याचा वळ आहे आणि इतक्या वर्षांनीही नाक जवळ नेलं की विमानाच्या केरोसिनचा वास येतो. दाखवायच्याची घडी अजून मोडलेली नाही. साहेबांची भेट, तपासणी, फोटो असेल तेव्हाच तो बाहेर निघायचा. माझ्या पिढीतल्या बहुतेकांकडे असे दोन असायचे. आजच्या मुलांना विचारलं, तर म्हणाले, "सर, आमच्याकडेही आहेत."

हे पत्र त्या दुसऱ्या ओव्हरऑलबद्दल आहे.

मी हेलिकॉप्टरचा माणूस. आधी चेतक, मग एमआय-१७. फायटरवाले आम्हाला काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही, आम्ही त्यांना काय म्हणायचो तेही नाही. एका युनिटमध्ये असताना एका वरिष्ठ अधिकाऱ्यांची भेट ठरली. आठवडाभर आधी फर्मान निघालं की सगळ्यांचे ओव्हरऑल एका छटेचे दिसले पाहिजेत, विटलेले चालणार नाहीत, इस्त्री कडक हवी. आम्ही दाखवायचे ओव्हरऑल धोब्याकडे टाकले. तो भला माणूस. परेडचे कपडे जसे करायचा तसेच त्याने हेही केले आणि आणून देताना खुशीत म्हणाला, "साब, एकदम कड़क कर दिया." इतकी खळ की दोन्ही पाय ओल्या पापडांसारखे एकमेकांना चिकटलेले, आत हात घालून सोडवावे लागले. टर्रर्र असा आवाज आला होता, अजून आठवतो.

तपासणीत साहेब माझ्यासमोर थांबले. माझी नावाची पट्टी अर्धा इंच तिरकी होती, ती त्यांच्या नजरेतून सुटली नाही. शब्द ऐकून घेतले, 'सॉरी सर' म्हणालो. भेट संपली आणि तासाभराने त्याच खळ घातलेल्या ओव्हरऑलमध्ये मी सॉर्टीला, म्हणजे उड्डाणाला, गेलो, कारण कपडे बदलायला वेळ नव्हता. आत काय घातलंय हे मला कुणी विचारलं नव्हतं. आत पॉलिएस्टरचा चकचकीत टी-शर्ट होता. घाम लवकर वाळतो म्हणून मला तो फार आवडायचा.

म्हणजे बघा. त्या दिवशी माझ्या अंगावर आगीपासून वाचवणारा कपडा होता, त्याच्यावर पिठाचा थर होता आणि त्याच्या आत प्लास्टिक होतं. तपासणीत मी नापास झालो तो मात्र अर्ध्या इंचासाठी.

ओव्हरऑलचं कापड ज्या जातीचं असतं ती आपल्याला ठाऊक आहेच, तरी हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहितो. जगभरच्या वैमानिकांच्या अंगावर १९६० च्या दशकापासून जे आलं ते अ‍ॅरामिड धाग्याचं कापड, नोमेक्स या नावाने ओळखलं जाणारं. ते वितळत नाही, ठिबकत नाही. साधारण ३७० अंश सेल्सियसच्या पुढे ते काळं पडून कोळशासारखं कडक होतं आणि ज्वाळा काढली की विझतं. त्यातून मिळतात ते काही सेकंद. पट्टे सोडून, दार ढकलून बाहेर पडायला तेवढेच हाताशी असतात. पॉलिएस्टर आणि नायलॉन याच्या उलट. अडीचशे अंशांच्या आसपास दोन्ही वितळतात आणि वितळलेलं कातडीला चिकटून राहतं. इराकमधल्या अमेरिकन मरीन सैनिकांना २००६ मध्ये तळाबाहेर जाताना असे खेळाचे सिंथेटिक कपडे आत घालायला मनाई झाली, ती याचसाठी.

खळीचंही तेच. स्टार्च म्हणजे शेवटी पीठ, आणि पीठ पेट घेतं. अशा कापडाच्या लेबलवर खळ घालू नये असं लिहिलेलं असतं. आमचा धोबी लेबल वाचत नव्हता आणि खरं सांगायचं तर आम्हीही वाचत नव्हतो.

परवा ट्रंक उघडल्यावर मला राहवलं नाही. उडायच्या ओव्हरऑलच्या पायाच्या आतल्या शिवणीत थोडं जास्तीचं कापड होतं, ते कापलं. एक जुना स्क्वाड्रनचा पॅच (खांद्यावरचा कापडी बिल्ला) घेतला, मागे वेल्क्रो लावलेला, कुठल्याशा सरावाची आठवण म्हणून आम्ही वर्गणी काढून बाजारातून शिवून आणलेला. सांडशीत धरून दोन्ही पाळीपाळीने गॅसवर धरले. बायको म्हणाली, "हे प्रयोग तुमच्या मेंटेनन्सवाल्यांकडे करा, माझ्या शेगडीवर नकोत." कापड लाल झालं, काळं झालं, बाहेर काढल्याबरोबर शांत झालं. चिमटीत दाबलं तर करकरलं. पॅच आधी आक्रसला, बशीसारखा वळला, मग पेटला आणि त्याचे काळे, जळते थेंब बर्नरच्या तबकडीवर टपटप पडले. वेल्क्रोच्या बाजूने तर तारच निघाली, पाकाची निघते तशी. ती तबकडी मी चाकूने खरवडून साफ केली, अर्धा तास लागला. हा पॅच मी बारा वर्षं खांद्यावर घेऊन हिंडत होतो.

आता आपण म्हणाल, पॅचच बंद करा. तसं मी म्हणत नाहीये, उलट पॅच राहावेत असं माझं मत आहे. २७ फेब्रुवारी २०१९ च्या पाकिस्तानबरोबरच्या हवाई चकमकीनंतर ५१ स्क्वाड्रनच्या पोरांच्या खांद्यावर 'फाल्कन स्लेयर्स' (फाल्कन म्हणजे एफ-१६ विमान) आणि 'अ‍ॅमराम डॉजर्स' (अ‍ॅमराम म्हणजे त्यावरचं क्षेपणास्त्र) असे पॅच दिसले, तेव्हा सगळ्या देशाने ते कौतुकाने पाहिले. ज्या माणसांना आपण काय केलं हे कुणाला सांगता येत नाही, त्यांना खांद्यावर चार बोटांचं कापड मिरवू द्यावं. तो काही छचोरपणा नव्हे. वेल्क्रोची सोयही फार शहाणपणाची, कारण मोहिमेवर निघताना नाव आणि युनिट सांगणारं सगळं एका ओढीत काढून ठेवता येतं. माझं म्हणणं इतकंच की पॅच कशाचा असावा हे नियमात लिहा. कुठे लावावा, किती इंचाचा असावा, त्यावर चित्र कसलं असावं, यावर पानं खर्ची पडतात आणि तो जळेल की वितळेल यावर ओळ नसते. अग्निरोधक धाग्याचे पॅच बनतात. युनिटला ते अधिकृतपणे पुरवा, म्हणजे कुणी गल्लीतल्या भरतकामवाल्याकडे जाणार नाही.

नीटनेटकेपणाची गोष्ट निघाली आहे तर ओव्हरऑलचा जन्म कसा झाला हेही सांगतो, कारण ते आपल्या कामाचं आहे. १९१६-१७ च्या हिवाळ्यात सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक ब्रिटिश नौदलाच्या हवाई सेवेत होता. एकदा इंजिनाचं काम करता करता तसाच, तेलाने आणि ग्रीसने माखलेल्या डांगरीत (कामाच्या जाड कपड्यात) तो उडाला. खाली उतरल्यावर बाकीचे थंडीने काकडत होते, हा मजेत होता. तेल मुरलेल्या कापडातून वारा आत शिरत नव्हता. त्याने तेच डोक्यात धरून आत फर, मध्ये रेशीम आणि बाहेर घट्ट विणीचं कापड असा एकसंध पोशाख शिवून घेतला. तो पुढे 'सिडकॉट सूट' म्हणून प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश वैमानिकांनी दुसऱ्या महायुद्धातही वापरला. म्हणजे आपल्या या पोशाखाचा मूळपुरुष एक कळकट डांगरी आहे. कॉटनची त्या दिवशी तपासणी झाली असती, तर त्याला बिचाऱ्याला सिडकॉट सुचायच्या आधी कपडे बदलायला पाठवलं असतं.

मी गबाळेपणाची वकिली करतोय असं समजू नका. उलट काही बाबतींत मी आपल्याहून कडक आहे. बाह्यांचंच घ्या. फोटोत, जाहिरातीत, भरतीच्या फलकांवर वैमानिक कसा दाखवतात? बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चेन छातीपर्यंत खाली, हातमोजे खिशात. सिनेमात ठीक आहे. पण १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये हेच खरोखर घडत होतं. हरिकेन विमानात इंधनाची एक टाकी वैमानिकाच्या अगदी समोर होती, ती फुटली की ज्वाळा थेट कॉकपिटमध्ये. गरम होतं म्हणून, बोटांना बटणं नीट लागावीत म्हणून मुलं हातमोजे काढायची, गॉगल वर सरकवायची. मग हात आणि चेहरे जळून यायचे. ईस्ट ग्रिन्स्टेडच्या इस्पितळात आर्चिबाल्ड मॅकिंडो या न्यूझीलंडच्या शल्यचिकित्सकाने त्यांना नवे चेहरे आणि नवी बोटं दिली. त्या रुग्णांनी १९४१ मध्ये 'गिनी पिग क्लब' काढला आणि युद्ध संपेपर्यंत त्याचे सभासद ६४९ झाले होते.

याच मॅकिंडोची एक गोष्ट मला फार आवडते. इस्पितळात भरती असलेल्या सैनिकांना तेव्हा एक निळा, बेढब, सगळ्यांना एकाच मापाचा पोशाख सक्तीचा होता. त्याने तो आपल्या वॉर्डातून हद्दपार केला. म्हणाला, यांना यांचा हवाई दलाचा गणवेश घालू द्या. चेहरा ओळखू न येणाऱ्या पोराला आपण अजून वैमानिक आहोत हे आरशात दिसलं पाहिजे, हे त्याला कळलं होतं. गणवेशाचं दिसणं किती मोलाचं असतं हे त्याच्याकडून शिकावं, आणि हातमोजे का घालायचे हेही त्याच्याच वॉर्डातून शिकावं.

आमच्या कोर्सची मंडळी दरवर्षी पुण्यात जमतात. यंदा जेवणानंतर मी मुद्दाम हा विषय काढला, आणि पान खाईपर्यंत तो संपला नाही. एक जुना फायटरवाला म्हणाला, ओव्हरऑल घालून मेसच्या डायनिंग हॉलमध्ये बसणाऱ्यांना तिथेच उभं करायला हवं, आमच्या वेळी हिंमत नव्हती कुणाची. दुसरा म्हणाला, तुझ्या वेळी तू ओव्हरऑल घालून थेट सिनेमाला गेला होतास, आम्ही तुला झाकत होतो. (हे खरं आहे. मी साक्षीदार.) ट्रान्सपोर्टवाल्या एकाचं म्हणणं, आठ-आठ तास उडणाऱ्यांना दोन भागांचा पोशाख द्या, शर्ट वेगळा आणि पँट वेगळी. राजस्थानात आयुष्य काढलेला एक जण फक्त एवढंच म्हणाला की मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या विमानात बसून बघा आणि मग मला बाह्यांचे नियम सांगा. त्याला मी म्हणालो, बाह्या खालीच. तो म्हणाला, मग कापड पातळ द्या. हे मात्र बरोबर आहे. वाळवंटात आणि लेहला एकच जाडी चालत नाही.

सगळ्यांत शेवटी बोलली ती आमच्यानंतर आलेली, हेलिकॉप्टरवरच काम केलेली एक मैत्रीण. आपल्याकडे महिला वैमानिक १९९४ पासून उडताहेत आणि २०१६ पासून फायटरवरही आहेत. ती म्हणाली, "मला मिळालेला प्रत्येक ओव्हरऑल एखाद्या पुरुषासाठी बेतलेला होता. खांदे माझे नाहीत, कंबर माझी नाही, पायांची लांबी तर कुणाचीच नाही. टेलरकडून आवळून घेतला की बसताना ओढायचा, नाही आवळला की तपासणीत गबाळी ठरायचे. आणि एकसंध पोशाखात बाथरूमला जायचं म्हणजे खांद्यापासून सगळं उतरवायचं. म्हणून आम्ही उडायच्या आधी पाणीच प्यायचो नाही." टेबलावरच्या सगळ्या बोलक्या पुरुषांकडे यावर काही नव्हतं. अंगात पाणी कमी असलं की उन्हाचा आणि जी-फोर्सचा (विमान जोरात वळताना अंगावर येणाऱ्या भाराचा) ताण शरीर कमी सोसतं, हे आम्ही सगळे वर्गात शिकलो होतो. ती कशासाठी तहानलेली राहत होती हे कुणी विचारलं नव्हतं. अमेरिकी हवाई दलाने २०१८ मध्ये दोन भागांच्या उड्डाण-पोशाखाला परवानगी दिली. आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांच्यापैकी ज्या उडतील त्यांच्या मापाचं कापड आत्ताच कापायला घ्या.

आवळून घेण्यावरून आठवलं, हा रोग फक्त बायकांच्या नाइलाजाचा नाही. तरुण पोरं हौसेने ओव्हरऑल अंगाबरोबर करून घेतात, फोटो छान येतो. गोधडी ऊब का देते हे आजीला माहीत होतं. दोन थरांमध्ये हवा अडकते म्हणून. तीच हवा आगीत कापड आणि कातडी यांच्यामध्ये उभी राहते. कंबरेला चिकटलेल्या ओव्हरऑलमध्ये ती हवाच नसते. थोडा सैल, थोडा बावळट दिसणारा ओव्हरऑल जास्त चांगलं काम करतो, आणि तपासणीत त्यालाच 'फिटिंग नाही' म्हणून शेरा मिळतो.

सगळे एकसारखे दिसले पाहिजेत हा आग्रह मी समजू शकतो, मीही त्याच शिस्तीत वाढलो. पण हरदित सिंग मलिक १९१७ साली ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये उडत होते ते पगडीवर बसेल असं खास मोठं हेल्मेट करून घेऊन. महिंदर सिंग पुज्जी दुसऱ्या महायुद्धात पगडी बांधूनच हरिकेन उडवत. डोव्हरजवळ त्यांचं विमान पडलं तेव्हा पगडीच्या थरांनी डोकं वाचवलं, असं ते स्वतः सांगत. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या साहेबी फौजेलाही जिथे कळलं की काय सारखं असायलाच हवं आणि काय नसलं तरी चालतं, तिथे आपल्याला अवघड जाऊ नये.

तर मागणी अशी. ८ ऑक्टोबर २०२२ ला चंदीगडला आपण हवाई दलाला नवा लढाऊ गणवेश दिलात, डिजिटल नक्षीचा. म्हणजे अंगावरच्या कपड्याचा मुळापासून विचार मुख्यालय करतं. तसाच ओव्हरऑलचा करा आणि त्याचे नियम दोन वेगळ्या कागदांवर लिहा. एक कागद आगीचा. त्यात बाह्या, हातमोजे, आतले सुती कपडे, पॅचचा धागा, मापाचा सैलपणा, धुलाई. हा कागद कुणासाठीही वाकवू नका, फोटोसाठी नाही, पाहुण्यांसाठी नाही, खुद्द तपासणीला आलेल्या साहेबांसाठीही नाही. त्यांनीही उडताना बाह्या खालीच ठेवाव्यात. तो कागद हिंदीत, मोठ्या अक्षरात, युनिटच्या धोब्याच्या आणि टेलरच्या भिंतीवर चिकटवा, कारण अर्धे नियम त्यांच्या हातून पाळले किंवा मोडले जातात.

दुसरा कागद दिसण्याचा. मेसमध्ये बसावं की नाही, शुक्रवारी कुठला पॅच, चेन कुठपर्यंत, रंग किती विटलेला चालेल. हा मुख्यालयाने लिहूच नये असं माझं मत. कमांडिंग ऑफिसरवर सोडा. त्याला आपली पोरं माहीत असतात, कोण पहाटे चारपासून सज्ज बसून आत्ता खाली उतरलंय आणि कोण नुसतंच हिरो म्हणून कँटीनमध्ये हिंडतंय, हे त्याला लांबून कळतं. विटलेल्या रंगाबद्दल तर मी हात जोडून सांगतो, काही म्हणू नका. जोवर कापड झिजलेलं किंवा फाटलेलं नाही तोवर विटलेला ओव्हरऑल उडालेल्या तासांचा हिशेब असतो, आणि त्याला लाजून माणूस दुसरा, दाखवायचा ओव्हरऑल ट्रंकेत ठेवायला लागतो.

आणि तपासणीच्या तक्त्यात एक रकाना वाढवा, 'आत काय घातलं आहे?' माझ्यासमोर थांबलेल्या साहेबांना तो रकाना भरावा लागला असता, तर मी त्या दिवशी जमिनीवर राहिलो असतो. खूप चिडलो असतो. चाललं असतं.

आपला,
एक निवृत्त हेलिकॉप्टर वैमानिक, पुणे

सोबत (टपालाने पाठवलेल्या प्रतीला जोडून) : दोन जळके तुकडे. काळा आणि सपाट आहे तो ओव्हरऑलचा. गोळा झालेला आहे तो पॅचचा, तो जपून धरावा, कडा अजून बोचतात.